खांडेनवमीची पावती

घनश्यामचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पोळ्याच्या आठवड्यात डोक्यावर मातीची टोपली घेऊन तो धाम नदीच्या काठावरून घसरला, आणि पडताना हात टेकला तो पाठीमागे. सावंगीच्या दवाखान्यात फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. मग डॉक्टरांनी हात कोपरात धरून चारही दिशांना वळवून पाहिला. हाड शाबूत आहे, पण खांद्यातला स्नायू फाटला आहे, असं ते म्हणाले.

"काम काय करता?"

"कुंभार हाव जी. पवनारले."

"चाक हातानं फिरवता?"

"हातानंच. दांड्यानं."

डॉक्टरांनी मान हलवली. ते पुढे काय बोलले ते घनश्यामनं घरी आल्यावर कुणाला सांगितलं नाही. मुलगी रक्षा सोबत गेली होती, तिनं आईला सांगितलं: या हातानं आता चाक फिरवायचं नाही.

कुंभाराच्या चाकाला कडेजवळ एक खळगी असते. तिच्यात दांडा अडकवून चाक गरागरा फिरवायचं, दांडा बाजूला ठेवून पटकन खाली बसायचं आणि गती संपायच्या आत भांडं ओढायचं. रक्षा वर्ध्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं एकदा मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं होतं. एका फिरवणीत चाक पावणेदोन मिनिटं कामाचं असे. त्यानंतर फिरत राही, पण माती ऐकत नसे. एका मोठ्या माठाला चार-पाच वेळा उठावं लागे. दिवसाला दीडशे वेळा दांडा, आणि तो सगळा जोर एका खांद्यातून.

घरात माणसं तीनच. घनश्यामची बायको भागाबाई माती आणी, चाळी, पायानं तुडवी. कच्चं भांडं थापीनं ठोकून फुगवी, गेरू लावी, आव्यात रची, भाजून निघालं की टोपलीत घेऊन सेलूच्या बाजारात विकी. चाकावर मात्र ती कधी बसली नव्हती. कुंभारपुऱ्यात कोणतीच बाई बसत नसे. चाक थांबलेलं असलं तरी बाया त्याला वळसा घालून जात.

विजेवर फिरणाऱ्या चाकाचं भागाबाईच्या मनात आलं ते त्याच रात्री. सरकारी योजनेत तसली चाकं मिळतात म्हणून दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता. यादी आली नव्हती. रक्षानं बसस्टँडजवळच्या निकेशच्या सायबर कॅफेत बसून शोधलं. तासाला पंधरा रुपये. तिसऱ्या दिवशी एका साईटवर चाक सापडलं. निळ्या रंगाचं, खाली मोटर, पायानं दाबायची पट्टी. इतरांकडे बावीस हजार, इथं साडेचौदा. खाली फोन नंबर होता. फोनवरचा माणूस हिंदीत फार अदबीनं बोलला. पैसे बँकेत भरा, दहा दिवसांत माल घरी.

पैसा उभा केला तो माती वाहणारी दोन गाढवं विकून. केळझरकडचा एक माणूस येऊन घेऊन गेला. उरलेल्यासाठी भागाबाईच्या पायातले चांदीचे तोडे गेले.

घनश्यामचा चुलत भाऊ तानबा तीन घरं सोडून राहत असे. पुऱ्यातला सगळ्यात वयस्क कुंभार. गाढवं गेलेली पाहून तो सरळ ओसरीत येऊन बसला.

"काहून रे, चाकावर बाई बसवतं म्हणे?"

"चाक नाई, दादा," घनश्याम म्हणाला. "मशीन हाय. बटनावर चालते. तुह्या सुनेचा मिक्सर कोण चालवते?"

"मिक्सरमंधी चटणी होते. माठ होते काय?"

"होते. फोटो पाह्यला पोरीनं."

तानबानं भागाबाईकडे पाहिलं. ती दाराआड उभी होती.

"मंग बसव बाप्पा," तो म्हणाला. "संक्रांतीले तुह्या घरची सुगडं काळी निंगाली तं मले सांगू नोको."

पैसे लगेच भरा, भाव वाढणार आहे, असा फोन दोनदा येऊन गेला. पण पितृपक्ष चालू होता. भागाबाईनं ऐकलं नाही. घट बसले त्या दिवशी, मंगळवारी, नवराबायको वर्ध्याच्या बँकेत गेली. रक्षाचं प्रॅक्टिकल होतं. तिनं खात्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता. बँकेत एका भल्या माणसानं त्यावरून फॉर्म भरून दिला. भरणाऱ्याचं नाव भागाबाईचं, मशीन तिचं म्हणून. शिक्का मारलेली अर्धी पावती तिनं रुमालात बांधून आणली. चिठ्ठी तिथंच राहिली.

नवमीला हत्यारांची पूजा. ओसरी सारवून भागाबाईनं पाट मांडला. दांडा, थाप्या, दगडी गोळे, माती कापायची तार, कुदळ, चाळणी धुऊन ओळीनं ठेवली. चाक जागेवरच, त्याच्यावर झेंडूचा हार. घनश्यामनं डाव्या हातानं गंध लावलं. मग तो थांबला.

"मशीन आलं असतं तं आज त्याची बी झाली असती."

"अजून दोन दिस हायेत," रक्षा म्हणाली. "दहा म्हणे तो."

"पूजेचा दिस तं आजच हाय ना. पावती आण त्याची."

रक्षा हसली. "बाबा, पावतीची काय पूजा?"

"वहीची करते वाणी. आण."

पावती पाटावर ठेवली. भागाबाईनं हळदीत आणि कुंकवात पाणी घालून बोट बुडवलं, आणि पावतीवर आधी पिवळं, मग लाल बोट ओढलं. उजव्या बाजूला, जिथं कागद कोरा वाटला तिथं. वर अक्षता, वर फूल. मग डोकं टेकलं. नवरा बाजूला होता, मुलगी समोर होती, तरी तिला जरा लाजल्यासारखं झालं. हत्यारांच्या ओळीत तिचं स्वतःचं असं काही आजपर्यंत नव्हतं. थाप्याही सासूच्या होत्या.

दसरा गेला. दहा दिवस झाले, बारा झाले. फोनवरचा माणूस म्हणाला, "बहनजी, माल निकल चुका है, ट्रान्सपोर्टमें है." आवाज तसाच अदबीचा. रक्षानं ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर मागितला. तो म्हणाला, संध्याकाळी देतो.

भागाबाईनं वाट पाहत बसण्यापेक्षा हात वळवून घ्यायचं ठरवलं. परसात जुनं जातं होतं. दुपारी घनश्याम झोपला की ती वरच्या पाळूवर ओलं फडकं टाकी, मधोमध मातीचा गोळा ठेवी, आणि रक्षा खुंटा धरून जातं फिरवी.

"जोरात फिरव वं."

"हे जातं हाय, माय. मिनिटाले चाळीस फेरे होतात. बाबाच्या चाकाचे शंभराच्या वर होत होते."

"तू मोजत नोको बसू. फिरव."

खुंटा समोरून गेला की भागाबाईला हात उचलावा लागे. तेवढ्यात गोळा एका अंगाला जाई. दोघींच्या डोक्यांची टक्कर झाली, तेव्हा भागाबाई इतकी हसली की तोंडात पदर कोंबावा लागला. तिसऱ्या दिवशी एक सुगड उतरलं. मुठीएवढं, कानावर कललेलं. तिनं ते तारेनं कापून हातात घेतलं आणि फिरवून फिरवून पाहिलं.

"तोंड वाकडं झालं."

"जात्यावरचं हाय. मशीनवर नाई होणार," रक्षा म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी फोन बंद लागला. दुसऱ्या दिवशीही. रक्षा कॉलेजातून निघून निकेशच्या कॅफेत गेली. साईटचं पान उघडेना. पत्ता तीनदा टाईप केला. निकेशनं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"हे गेलं," तो म्हणाला. "पैसे नव्हते ना भरले?"

रक्षानं पंधरा रुपये टेबलावर ठेवले.

"राहू दे," निकेश म्हणाला. "पाचच मिनिट तं बसली."

त्यानं पैसे घेतले नाहीत, तेव्हा तिला खरोखर भीती वाटली.

दोन दिवस ती घरी बोलली नाही. परीक्षा जवळ आली म्हणून जात्याजवळ बसणं टाळलं. तिसऱ्या दिवशी भागाबाई माती तुडवत होती. गाढवं नसल्यामुळं माती आता ती डोक्यावरून आणत होती, दिवसाला सहा खेपा. मानेच्या डाव्या बाजूची शीर फुगली होती. रक्षा समोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. भागाबाई ऐकता ऐकता टाचेनं माती दाबत गोल फिरत राहिली. तुडवताना मधे थांबलं की गाठी राहतात.

"साईट खोटी होती, माय. म्या पाह्यली ना शोधून. म्याच."

"ते बँकेत गेलेत ना पैसे? सरकारी बँकेत?"

"हो."

"मंग बँक देईन वापस. पावती हाय आपल्यापाशी."

घनश्याम ओसरीत होता. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चाकाचा आवाज आला. डाव्या हातात दांडा धरून तो चाक फिरवत होता. चाक डगमगत फिरलं, दोन सुगडं झाली. तिसऱ्या वेळी दांडा खळगीतून निसटला आणि तो कुशीवर पडला. भागाबाईनं त्याला उठवलं. चाकावरची ओली सुगडं दोघांनी तशीच राहू दिली.

बँकेत काचेमागच्या क्लार्कनं पावती चिमटीत धरली.

"हे काय हाय? पावती हाय का देवीचा अंगारा?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. जेल पेननं लिहिलेले आकडे ओल्या हळदीकुंकवात पसरले होते. खात्याच्या नंबरातले शेवटचे पाच जागेवर नव्हते. तिथं लाल डाग होता आणि त्यात एक तांदूळ चिकटलेला. क्लार्कनं नखानं तांदूळ काढला.

"पूजा केलती जी," भागाबाई म्हणाली.

"दिसून राह्यलं ना. नंबर कोणता तं सांगा."

"सर, तारीख आहे, रक्कम आहे," रक्षा म्हणाली. "तारखेवरून कॉम्प्युटरमध्ये शोधता येईल ना?"

"तू शिकवतं मले?" क्लार्क म्हणाला. "व्हाउचरचा गठ्ठा काढा लागते. सोमवारी या."

सोमवारी गठ्ठ्याची चावी ज्याच्याकडे होती तो रजेवर होता. गुरुवारी दिवाळीची सुट्टी लागायची गर्दी होती. पवनारहून येण्याजाण्याचं भाडं, दिवसभराची मजुरी, आणि दर वेळी तीच रांग. परतताना बसमध्ये भागाबाई पावती उघडून डागाकडे पाही.

"म्या कोऱ्या जागी लावलं असं वाटलं मले," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"माय, तू नोको बोलू तेच ते."

"तुह्या बापानं आण म्हटलं, पण बोट तं माहं होतं ना."

पणत्या साच्यातल्या होत्या, त्या घनश्यामनं एका हातानं दाबून काढल्या. दिवाळी त्यावर निभली. दिवाळीनंतर तानबा आला. या वेळी तो ओसरीत बसला नाही, उभाच राहिला. वर्ध्याचा एक व्यापारी दर वर्षी घनश्यामकडून संक्रांतीची तीन हजार सुगडं नेत असे.

"तो माह्याकडे आलता," तानबा म्हणाला. "म्या म्हटलं, घनश्यामले विचारतो आधी."

घनश्यामनं भागाबाईकडे पाहिलं. मशीन मार्गशीर्षापर्यंत हाती आलं असतं तरी जमलं असतं, असा हिशोब तिनं मनात धरला होता.

"थोडं थांबा ना जी," ती म्हणाली. "पैसे वापस येणार हायेत. दुसरं मशीन घेऊ. नागपूरवरून, दुकानातून, डोळ्यानं पाहून."

"कधी येणार हायेत?"

"घे तू," घनश्याम म्हणाला.

तानबा दारापर्यंत जाऊन वळला. "गेरू लावाले येजो, भागा. हाताले हात होईन." तो चांगल्या मनानं म्हणाला होता. भागाबाईला ते मजुरीचं बोलावणं वाटलं.

पोलीस ठाण्यात हवालदारानं भागाबाईचा अर्ज वाचला.

"पैसे तुम्हीच भरले ना? स्वतःच्या हातानं?"

"हव जी."

"कोणी पिस्तूल लावलं होतं?"

"नाई जी."

"मंग चोरी कुठची झाली? तुम्ही दान केलं म्हणा."

रक्षा पुढे झाली. बँक पोलिसांचं पत्र मागते, पत्र मिळालं तर ते खातं गोठवतील, असं तिनं सांगितलं. तिनं हे निकेशच्या कॅफेत वाचून, कागदावर उतरवून आणलं होतं. हवालदारानं तो कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली.

"कुंभार का तुम्ही? आमचा माठ फुटला इथचा. दोन महिने झाले."

दुसऱ्या दिवशी घनश्याम माठ घेऊन गेला. घरात भाजलेला एकच मोठा माठ उरला होता, दुखण्याआधीचा, त्यानं स्वतः ओढलेला. डाव्या खांद्यावर घेतला, पण उजव्या हातानं वरून धरता येईना, म्हणून रक्षा मागून काठ धरून चालली. पुलावर ट्रक अंगावरून गेला की दोघं थांबत. ठाण्यात माठ तिवईवर नीट बसेना. घनश्यामनं गुडघ्यावर बसून खाली दगड लावून दिला. हवालदारानं नळाचं पाणी भरलं, एक पेला पिऊन पाहिला.

"मातीचा वास छान येते," तो म्हणाला, आणि पत्रावर शिक्का मारला.

मायलेकी पत्र घेऊन गेल्या तेव्हा बँकेत तो क्लार्क जेवायला गेला होता. त्याच्या जागी एक मॅडम होत्या, नागपूरहून बदलून आलेल्या. त्यांनी पावती पाहिली, हसल्या नाहीत. तारीख विचारली, रक्कम विचारली, कीबोर्डवर बोटं चालवली.

"रामरती देवी," त्या म्हणाल्या. "उत्तरेकडची शाखा आहे. लहान गाव दिसतंय."

रक्षानं घड्याळात पाहिलं. दोन मिनिटंही लागली नव्हती.

"बाई हाय?" भागाबाईनं विचारलं.

"खातं बाईचं आहे. मी पत्र पाठवते. तिथले लोक गोठवतील. पण आत काही उरलं असेल तरच मिळेल, हे ध्यानात ठेवा."

बसस्टँडपर्यंत भागाबाई त्या नावावर बोलत राहिली. बाई असून असं करवलं कसं. तिला पोरंबाळं नसतील काय. माझ्या तोड्यांवर तिनं काय घेतलं असेल, साडी का सोनं. तिला शिव्या देताना तिचा चेहरा मोकळा होत गेला. इतके दिवस शिव्या द्यायला कुणी नव्हतं.

मार्गशीर्ष लागला आणि ती वीटभट्टीवर जाऊ लागली. पहाटे थंडीत मातीचा चिखल बर्फासारखा असे. गोळा उचलायचा, लाकडी साच्यात आपटायचा, वरची माती तारेनं कापायची, साचा उलटा करायचा. हजार विटांमागे पैसे, आणि जोडीनं काम करणाऱ्या दुसऱ्या बाईबरोबर ते अर्धे. माती कुंभाराची नव्हतीच, खडे असलेली, बोटं सोलून काढणारी. पहिल्या आठवड्यात तिच्या पाठीत उसण भरली. ती रात्री पालथी झोपे. घनश्याम घरी स्वयंपाक करू लागला. भाकरी त्याला एका हातानं थापता येत नसे, म्हणून भात. दारासमोरून कुणी गेलं की तो चुलीपुढून उठून ओसरीत येऊन बसे.

पुऱ्यात तानबाच्या घरी रात्रंदिवस चाक फिरत होतं. भागाबाई गेरू लावायला गेली नाही.

संक्रांतीच्या आधी चार दिवस बँकेतून रक्षाच्या मोबाइलवर फोन आला. तिघंही गेली. भट्टीवर एका दिवसाचा खाडा पडला. मॅडमनी आतल्या टेबलाशी बोलावलं, बसायला खुर्च्या दिल्या. तिकडच्या शाखेचं पत्र आलं होतं, सोबत खात्याचा उतारा.

"तीन हजार दोनशे आहेत," मॅडम म्हणाल्या. "बाकी नाहीत."

घनश्यामनं डोळे मिटून घेतले.

रक्षानं उतारा आपल्याकडे ओढला. पैसे जमा, तीस सप्टेंबर. एक ऑक्टोबरला दहा हजार काढले, एटीएममधून. तीन ऑक्टोबरला उरलेले. तिनं पुन्हा वाचलं.

"माय," ती म्हणाली. "नवमी आठ तारखेले होती. पैसे तीनलेच संपलेत."

"म्हंजे?"

"म्हंजे कुंकू लावलं तवा खात्यात काहीच नव्हतं. नंबर साफ दिसला असता तरी काही होत नव्हतं. तुह्या बोटानं काही झालं नाई."

भागाबाई बोटाकडे पाहू लागली. तीन महिने ती ज्या गोष्टीशी झोपत-उठत होती ती निघून गेली, आणि तिच्या जागी काही आलं नाही.

"मंग हे तीन हजार कोठचे?" घनश्यामनं विचारलं.

मॅडमनी पत्र पुन्हा चाळून सांगितलं. रामरती देवी मजूर आहे. रस्त्याच्या कामावर जाते, सरकारी हजेरीच्या. मजुरीसाठी खातं लागतं म्हणून गावातल्या एका माणसानं तिचं खातं काढून दिलं, आणि पासबुक, कार्ड स्वतःकडे ठेवलं. तो माणूस आता गावात नाही. तिला आपल्या खात्यात साडेचौदा हजार येऊन गेले हे बँकेनं बोलावलं तेव्हा कळलं. हे बत्तीसशे तिची मजुरी आहे. खातं गोठल्यामुळं तिला काढता येत नाही.

"तिनं अंगठा दिलाय." मॅडमनी दुसरा कागद पुढे केला. "पैसे कापून घ्या म्हणते, पण खातं मोकळं करा. पुढची मजुरी अडकून बसते."

कागदाच्या तळाशी निळा अंगठा होता. मधल्या रेषा उमटल्याच नव्हत्या, नुसता कडेचा गोल. भागाबाईनं तो बराच वेळ पाहिला.

"म्या सही केली नाई तं?" तिनं विचारलं.

"तक्रार मागे घेतल्यासारखं होईल. खातं मोकळं होईल, पैसे तिचे तिला."

"आन केली तं?"

"तरी मोकळं होईल. पैसे तुमचे."

"सोडू नोको," घनश्याम म्हणाला. त्याचा आवाज एकदम वर चढला. "साडेचौदा गेले आपले. गाढवं गेली, तोडे गेले. हे बी सोडतं काय?"

"बाबा, तिनं नाई खाल्ले ते," रक्षा म्हणाली.

"मंग म्या खाल्ले काय? तुह्या मायनं खाल्ले? पाठ दाखव तिले मायची."

काचेपलीकडचा क्लार्क वळून पाहू लागला. घनश्यामनं डाव्या हातानं उजवं कोपर धरून मांडीवर नीट ठेवलं, दुसऱ्या कुणाचा हात ठेवावा तसं.

"किती दिसाची मजुरी हाय ते?" भागाबाईनं रक्षाला विचारलं.

रक्षानं उतारा पाहिला. बाराशे, हजार, हजार. "शंभर रोज धरला तं बत्तीस दिवस."

"माहे भट्टीवर किती झाले?"

"एकोणतीस. आजचा धरला तं."

"आजचा नोको धरू. आज तं गेली नाई."

तिनं पेन मागितलं. सही शिकली होती ती रक्षाकडूनच, पाटीवर. कागद तिनं डाव्या तळव्यानं दाबून धरला आणि 'भागाबाई' असं एकेक अक्षर सोडवून लिहिलं. मॅडमनी कागद ओढून घेतला, शिक्का मारला, आठ दिवसांनी या म्हणाल्या.

बसस्टँडवर तिळाच्या लाडवांच्या आणि सुगडांच्या हातगाड्या लागल्या होत्या. सुगडं तानबाच्या हातची होती. घनश्यामनं एक उचलून, काठावरून बोट फिरवून, परत ठेवलं. तो बोलत होता. बत्तीसशेत जुनी मोटर येते, सेकंडहँड, बसवून घेतली तर. निकेशच्या ओळखीचा एक जण वायंडिंग करतो. रक्षा हो म्हणत होती. नुसत्या मोटरनं चाक होत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

बस आली. भागाबाईला खिडकीजवळ जागा मिळाली. पुलाजवळ आल्यावर तिनं रक्षाचं मनगट धरलं.

"तिले कळवतीन काय?"

"कोणाले?"

"त्या बाईले. पैसे कोणी घेतले म्हणून."

"कळवते ना बँक. कागद जाते तिच्याकडे."

"माहं नाव राहीन त्याच्यावर?"

"सही हाय ना तुही. नाव राहतेच."

"तिले वाचता येते काय?"

"अंगठा होता, माय. पण कोणी ना कोणी वाचून दाखवनच."

बाहेर दुपारचं ऊन होतं, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बाया रांगेनं बसल्या होत्या. बस त्यांच्याजवळून हळू झाली तशी त्यातल्या एकीनं मान वर करून पाहिलं. भागाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पार कपाळाखाली, आणि बस पुढे जाईपर्यंत तो दातात धरून ठेवला.